शेजारी थंडीत प्लाय आणि रंगीत लाकूड जाळतात? ग्वाल्हेरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

पुण्या-मुंबईकडून बदली होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर, मुरार किंवा थाटीपूर भागात राहायला आलेल्या माणसाला पहिल्या हिवाळ्यात दोन गोष्टी कळतात. इथली थंडी एका स्वेटरवर भागत नाही, आणि ती घालवायला गल्लीत जे पेटतं ते सगळंच लाकूड नसतं. फर्निचरवाल्याकडचे प्लायचे तुकडे, पाडलेल्या वाड्याच्या रंगवलेल्या चौकटी, सनमायका, कुठूनतरी आलेला रेल्वेचा स्लीपर, आणि चटकन पेट घ्यावा म्हणून खाली सायकलचं टायर. फुकट मिळतं, सुकं असतं, भडकन पेटतं, म्हणून लोक वापरतात.

नवा माणूस बहुधा "शेजारच्यांचा धूर येतो" एवढीच तक्रार करतो. ती तिथेच विरते. हाडं गोठवणाऱ्या थंडीत शेकोटी पेटवणं इथे कुणी गुन्हा मानत नाही, आणि मानूही नये. तक्रार उभी राहते ती काय जळतंय, कुठे आणि किती वाजता, या तीन प्रश्नांच्या उत्तरावर. म्हणून हा लेख कायद्यापासून सुरू न होता लाकडाच्या ढिगापासून सुरू होतो.

## १. ढीग उजेडात बघा

रात्री धुराच्या वासावरून अंदाज बांधण्यापेक्षा सकाळी जाता-येता ढिगाकडे नीट बघा. कुणाच्या आवारात शिरायचं नाही. रस्त्यावरून किंवा सामाईक चौकातून दिसतं तेवढं पुरतं.

प्लायवूड. तुकडा कडेने बघा. थरांवर थर दिसतात आणि थरांमधून डिंकाची रेघ जाते. रेघ गडद तांबूस-काळपट असेल तर डिंक फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा, फिकट असेल तर बहुधा युरिया फॉर्मल्डिहाइडचा. पाठीवर कधी शिक्का असतो: आयएस ३०३ म्हणजे साधा प्लाय, आयएस ७१० म्हणजे मरीन. मरीन प्लायला वाळवी-बुरशीचं औषधही पाजलेलं असतं. "वॉटरप्रूफ आहे, म्हणजे चांगलं लाकूड" असं समजून तोच आधी जाळला जातो, आणि तोच जास्त वाईट. जळताना डोळे चुरचुरतात, नाकात सुई टोचल्यासारखं होतं.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड. भुसा आणि डिंक दाबून केलेल्या फळ्या, यात लाकडाच्या रेषा नसतातच. मोडलं की मारी बिस्किटासारखं भुसभुशीत तुटतं. वजनाचा साधारण दहावा हिस्सा डिंकच असतो, त्यामुळे "शेवटी भुसाच ना" हे म्हणणं खरं नाही.

सनमायका, पीव्हीसीची किनारपट्टी, रेक्झिन. सनमायका म्हणजे मेलामाइन आणि फिनॉलच्या डिंकात भिजवलेल्या कागदाचे थर. कपाटाच्या फळीच्या कडेला चिकटवलेली पांढरी किंवा तपकिरी पट्टी बहुतेक वेळा पीव्हीसीची असते. ती आधी आक्रसते, वेटोळं होऊन ठिबकते आणि मग जळते. त्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, म्हणून घशात आंबट जळजळ होते. शेकोटीसारख्या अर्धवट, कमी आचेच्या आगीत त्याच पीव्हीसीपासून डायॉक्सिन नावाची अतिशय विषारी संयुगं तयार होतात. जुन्या सोफ्याचा फोम तर कधीच नको, त्याच्या धुरात सायनाइडचा वायू असतो.

रंगवलेली दारं-खिडक्या. लष्करातले जुने वाडे पाडले जातात तेव्हा रंगाचे सात-आठ थर चढलेल्या चौकटी निघतात. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं किती हे चौकट बघून सांगता येत नाही, म्हणून जुना रंग म्हणजे शिसं असणारच असं धरून चाला. शिसं जळून नाहीसं होत नाही. थोडं धुराबरोबर जातं, बाकीचं राखेत राहतं.

औषध पाजलेलं हिरवट लाकूड. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबाने आत भरलेलं असतं. कूलिंग टॉवरच्या फळ्या, खांब, बागेचं कुंपण यांत ते सापडतं. नवं असताना हिरवट दिसतं, काही वर्षं उन्हात राहिलं की राखाडी पडतं आणि ओळखू येत नाही. कापलेल्या तोंडाशी बघा: बाहेरचं कडं हिरवट आणि गाभा नेहमीच्या रंगाचा असेल तर शंका घ्या. ज्योतीत हिरवट-निळी झाक दिसली तरी घ्या. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे याच्या धुराला वेगळा असा वासच नसतो. वास नाही म्हणजे लाकूड चांगलं, असा हिशोब इथे चालत नाही.

स्लीपर. काळपट, जड, खिळ्यांची मोठी भोकं, ऊन लागलं की डांबरासारखा वास. हे क्रिओसोट, कोळशाच्या डांबरातून काढलेलं, लाकूड टिकवायचं औषध. धूर दाट, चिकट, आणि कपड्यांतला वास दोन धुण्यांतही जात नाही.

पॅकिंगचे पॅलेट. मालाखाली ठेवायच्या या लाकडी चौकटींवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि प्रक्रिया सांगणारी दोन इंग्रजी अक्षरं असतात. एचटी म्हणजे फक्त उष्णता देऊन कीड मारलेली. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइडचा धूर दिलेला, तो नको. एचटी असूनही तेल-ग्रीस सांडल्याचे डाग असतील तर तोही नको.

जाळायला चालतं ते बाभूळ, शिसम, आंबा, कडुनिंब, न रंगवलेल्या फळांच्या पेट्या, गोवऱ्या. तेही सुकं हवं. दोन फाटे एकमेकांवर आपटले की टणटणीत आवाज आला आणि तोंडाला चिरा दिसल्या तर सुकं, बोदा आवाज आला तर ओलं. ओलाव्याचा मीटर असेल तर फाटा आधी फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला टोचा. वरची साल नेहमीच कमी दाखवते. २० टक्क्यांच्या खाली हवं. ओली बाभूळ जाळणारा शेजारी आणि प्लाय जाळणारा शेजारी या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिल्याला लाकूड आडोशाला रचून ठेवायला सांगितलं की बरंचसं भागतं.

दुसऱ्या दिवशी थंड झालेली राख हा सगळ्यात बोलका पुरावा असतो. स्टेपलच्या पिना, बिजागरीचे स्क्रू, टायरच्या तारांची जाळी, प्लॅस्टिकचे घट्ट थेंब, आणि प्लाय असेल तर पुस्तकाच्या पानांसारखी सुटी होणारी काळी पापुद्रेदार राख. फोटो काढा, हात लावू नका.

## २. नोंदवही ठेवा

हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते आणि वर मात्र जरा उबदार हवेचा थर राहतो. धूर वर जायला वाट उरत नाही, वाराही पडलेला असतो. लष्करच्या अरुंद गल्ल्यांत आणि वाड्यांच्या चौकांत तो विहिरीत उतरावा तसा साचतो. म्हणून त्रास सकाळी ६ ते ९ आणि रात्री ७ ते ११ या वेळांत जास्त जाणवतो, आणि दुपारी पाहणीला आलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. यावर उपाय एकच, नोंद.

एका वहीत पाच रकाने पाडा: तारीख, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, नेमकी जागा, जळत असलेली वस्तू, झालेला त्रास. दोन आठवड्यांत सहा-सात नोंदी झाल्या की वेळेचा ठरावीक क्रम दिसू लागतो. "रोज रात्रभर" असं मोघम लिहू नका. "मंगळवार, ७.४० ते ९.१५, नळाशेजारी, प्लाय आणि पांढरी पट्टी" असं लिहा.

सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. आधी गल्लीचा फलक किंवा ओळखू येणारा कोपरा, मग ढीग, मग आग. माणसांचे चेहरे, विशेषतः बायका-मुलं, चित्रित करू नका. नुसत्या धुराचा व्हिडिओ कामाचा नाही, त्यात जळणारी वस्तू दिसली पाहिजे.

केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या समीर ॲपवर शहराच्या हवेचा निर्देशांक दिसतो. ग्वाल्हेरची केंद्रं सिटी सेंटर, दीनदयाल नगर आणि महाराज बाडा इथे आहेत. तो आकडा नोंदीत जरूर लिहा, पण त्यावर वाद घालू नका. केंद्र दीड-दोन किलोमीटरवर असेल तर तुमच्या गल्लीतला धूर त्याला दिसणारच नाही. "ॲपवर तर हवा ठीक आहे" हे उत्तर ऐकायला मिळेल, म्हणून आधीच सांगितलं.

## ३. आज रात्रीपुरता घरातला धूर अडवा

शेजाऱ्याशी बोलणं होईपर्यंत आणि अर्जाला पाय फुटेपर्यंत घरात श्वास घ्यायचाच आहे.

बाहेर शेकोटी पेटलेली असताना स्वयंपाकघराचा आणि न्हाणीघराचा एक्झॉस्ट बंद ठेवा. नवीन माणूस नेमका तो चालू करतो. पंखा आतली हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा दाराखिडक्यांच्या फटींतून आत ओढली जाते, आणि बाहेर धूरच असतो. दाराखाली ओल्या टॉवेलची गुंडाळी, खिडकीच्या फटींना फोमची चिकटपट्टी, आणि गच्चीकडे उघडणाऱ्या झरोक्याला तात्पुरता पुठ्ठा. मात्र घरात गॅसचा गीझर किंवा शेगडी चालू असेल तर घर असं बंद करायचं नाही, ती आधी विझवा. दारं-खिडक्या दुपारी १२ ते ४ मध्ये सताड उघडा.

एअर प्युरिफायर घेणार असाल तर खोलीचा हिशोब करा. १२ बाय १२ फूट, उंची १० फूट, म्हणजे सुमारे ४१ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर यंत्राचा सीएडीआर, म्हणजे तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, ताशी २०० घनमीटरच्या आसपास हवा. हेपा जाळी कण अडवते, वायू नाही. वायूला आणि वासाला सक्रिय कार्बन लागतो. स्वस्त यंत्रात त्याची पातळ जाळी असते, ती लवकर भरते. एन-९५ मास्कचंही तेच: कण थांबतात, प्लायच्या डिंकातून निघणारा फॉर्मल्डिहाइड वायू थांबत नाही. कापडी रुमालाने दोन्ही थांबत नाहीत.

दम्याचा, हृदयाचा रुग्ण किंवा तान्हं बाळ घरात असेल तर धुराच्या वेळेत त्यांची खोली गल्लीच्या उलट बाजूला हलवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय आहे.

## ४. बोला, पण पर्याय हातात घेऊन

आधी बोलायचं, मग अर्ज. हा शिष्टाचार म्हणून नाही: अर्ज आधी केला की पुढची दहा वर्षं त्या गल्लीत बोलणंच होत नाही, आणि जाळणं थांबेलच याचीही खात्री नसते.

बोलायची वेळ दुपारची, शेकोटीभोवती माणसं बसलेली असताना नव्हे. आणि आपल्या त्रासापासून सुरुवात करू नका, त्यांच्या घरापासून करा. वाड्यात अजूनही तांब्याचा बंब पेटत असेल आणि त्याच राखेने भांडी घासली जात असतील, तर एवढं पुरतं: "काकू, बंबात ते रंगीत लाकूड नका घालू. रंगातलं शिसं राखेत उतरतं आणि तीच राख आपण भांड्यांना लावतो. नातवंडं त्याच ताटात जेवतात." हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडे "भाईसाहब"ने सुरू करा, मुद्दा तोच ठेवा. कायद्याच्या कलमापेक्षा राखेची गोष्ट जास्त ऐकली जाते.

मग पर्याय. कोण कशासाठी जाळतं त्यावर तो ठरतो.

अंघोळीचं पाणी. १५ लिटरची बादली १५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. १,५०० वॉटच्या रॉडला वीस-बावीस मिनिटं. चार माणसांच्या घरात रोज दोन युनिट. तुमच्या बिलातल्या दराने गुणून आकडा समोर ठेवा. रॉडची पथ्यं सांगायला विसरू नका: अर्थिंग असलेला प्लग, रॉडवरच्या खुणेपर्यंत पाणी, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट नाही. बंबच ठेवायचा असेल तर गोवऱ्या आणि सुकी बाभूळ चालते, आणि पेटवायला दुधाच्या पिशवीऐवजी नारळाची शेंडी किंवा सुकी काटकी.

अंग शेकणं. इथे घाईने कोळशाची शेगडी सुचवू नका. बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेत माणूस जातो. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, मळमळलं, तर आधी बाहेर पडा आणि मग दारं उघडा. शेगडी उघड्या अंगणातच ठेवायची, झोपायच्या खोलीत निखाराही न्यायचा नाही. तेलाचा हीटर पूर्ण क्षमतेवर तासाला दीड-दोन युनिट खातो, पण झोपण्याआधी तासभर लावून बंद केला तरी चालतं. म्हाताऱ्या माणसांना गरम पाण्याची रबरी पिशवी आणि अंथरुणाखाली एक जास्तीची गोधडी जास्त उपयोगी पडते.

चौकीदार. याच्याशी वाद घालणं बरोबर नाही. आठ-दहा तास उघड्यावर बसणारा माणूस मिळेल ते जाळणारच. कॉलनीने वर्गणी काढून सुकी लाकडं टालवरून (लाकडाच्या वखारीतून) आणून द्यायची आणि बसायला तिन्ही बाजूंनी बंद केबिन. कडाक्याच्या थंडीत नगर निगम चौकाचौकांत अलावाची, म्हणजे शेकोटीची, लाकडं टाकतं. तुमचा चौक त्या यादीत घ्या, असं पार्षदांना (नगरसेवकांना) लेखी सांगा.

हलवाई, तंदूर, धोबी, लग्नाचं गार्डन. ही घरगुती ऊब नाही, धंदा आहे. एकदा सांगून बघा, नाही ऐकलं तर सरळ पायरी ६.

## ५. पुरवठा कुठून येतो ते शोधा

ही पायरी लोक विसरतात. गल्लीतली चार घरं प्लाय जाळत असतील तर चौघांना प्लाय देणारा बहुधा एकच असतो: जवळचा फर्निचरचा कारखाना किंवा कुठेतरी चालू असलेलं इंटीरियरचं काम. कारागिराला रोजचे तुकडे कुठेतरी टाकायचे असतात, म्हणून तो पोतं भरून दाराशी ठेवतो आणि संध्याकाळपर्यंत ते रिकामं होतं.

मालकाला भेटा. सरळ लाकडाचे, म्हणजे सागवान-देवदाराचे, न रंगवलेले तुकडे वेगळ्या पोत्यात ठेवायला सांगा. ते लोकांनी नेले तरी चालतं. प्लाय, एमडीएफ आणि सनमायकाचं पोतं सुक्या कचऱ्यात जाऊ दे किंवा भंगारवाल्याकडे. दोन पोती आणि खडूने लिहिलेली दोन नावं, एवढाच खर्च. पाडकाम चालू असेल तर ठेकेदाराशी बोला. रंगीत चौकटी जुन्या दारांच्या व्यापाऱ्याला विकल्या जातात आणि त्याचे पैसेही येतात, हे त्याला सांगितलं की काम सोपं होतं.

## ६. तक्रार: कागद आणि क्रम

आधी हे जवळ ठेवा:

- नोंदवहीच्या पानांची छायाप्रत
- ढीग, आग आणि राख यांचे तारखेसह फोटो, छापून
- वॉर्ड क्रमांक, जवळची ओळखीची खूण, गल्लीचं नाव (शहरात ६६ वॉर्ड आहेत, चुकीचा वॉर्ड लिहिला की अर्ज फिरतच राहतो)
- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, भाड्याने राहत असाल तर करारनामा
- श्वासाचा त्रास असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर तारीख हवी
- किमान चार-पाच घरांच्या सह्या

शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करू नका. एकट्याची सही असली की प्रकरण "आपसी विवाद" ठरतं. पाच घरांच्या सह्यांनी ते सार्वजनिक उपद्रव म्हणून मांडता येतं, आणि पुढच्या उपद्रवाच्या कलमांना तेच लागतं.

अर्ज हिंदीत लिहा, छोटा लिहा. नमुना असा: "वार्ड क्रमांक __, __ गली में नल के पास प्रतिदिन सायं 7.30 से 9.15 के बीच प्लाईवुड, सनमाइका, पीवीसी पट्टी एवं टायर जलाए जा रहे हैं। यह ईंधन नहीं, अपशिष्ट है। कृपया सायंकाल निरीक्षण कर पंचनामा बनाएं।" यातले "सायंकाल" आणि "अपशिष्ट" हे दोन शब्द गाळू नका.

क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा वॉर्डाचे सफाई दरोगा, म्हणजे सफाईवर देखरेख करणारे कर्मचारी, आणि झोन कार्यालय. अर्ज हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

त्याच दिवशी स्वच्छता ॲपवर उघड्यावर कचरा जाळण्याच्या प्रकाराखाली नोंद करा. फोटो घटनास्थळीच काढा, कारण ॲप जागा टिपतं. घरी बसून जुना फोटो चढवला की जागा तुमच्या घराची लागते.

आठवडाभरात काही झालं नाही तर १८१, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइन. तक्रार क्रमांक लिहून घ्या. ती एल-१, म्हणजे पहिल्या पातळीच्या, अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथे निकाल लागला नाही तर एल-२, एल-३, एल-४ अशी वर चढते. इथे नवे लोक हमखास फसतात: फोन येतो, "काम हो गया है, शिकायत बंद करवा दीजिए", आणि माणूस संकोचाने हो म्हणतो. बंद केली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या रात्री काही जळलं नाही हे स्वतः बघा, मग संतुष्ट म्हणा. आणि १८१ वर "धूर" हा शब्द सांगून थांबू नका, "प्लाय, टायर, प्लॅस्टिक" म्हणा. नुसत्या धुराची तक्रार चुकीच्या विभागाकडे जाऊ शकते.

हलवाई, तंदूर किंवा कारखाना असेल तर मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ग्वाल्हेरच्या क्षेत्रीय कार्यालयात वेगळा अर्ज. घरगुती शेकोटीसाठी तिकडे हेलपाटे घालू नका.

कुठूनच उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. "कारवाई का नाही केली" असं विचारू नका, तो प्रश्न माहितीत बसत नाही. "माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या निरीक्षणाचा पंचनामा आणि शेरे यांची प्रत द्या" असं मागा. अनेकदा अर्ज पोचल्यावरच पहिलं निरीक्षण होतं.

आग पसरतेय, तारांना लागतेय असं वाटलं तर यातलं काही करत बसू नका. १०१.

## ७. "हा कचरा नाही, जळण आहे" असं म्हणाले तर

म्हणतीलच, आणि कायद्यात या म्हणण्याला थोडी जागाही आहे. १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्याच्या कलम १९(५) प्रमाणे राज्य सरकार एखाद्या भागात अमुक पदार्थ जाळण्यावर बंदी घालू शकतं, पण तिथे शब्द आहेत ते "इंधन नसलेला पदार्थ" असे. म्हणून सगळा भर प्लाय, पीव्हीसी, टायर हे इंधन नाही, टाकाऊ माल आहे, हे दाखवण्यावर हवा. राखेतल्या पिना आणि प्लॅस्टिकचे थेंब इथे कामाला येतात.

घनकचऱ्याच्या केंद्रीय नियमांत, २०१६ च्या नियमांपासून स्पष्टपणे, रस्त्यावर आणि आपल्या आवाराबाहेरच्या मोकळ्या जागी कचरा जाळायला मनाई आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. यातला "आवाराबाहेर" हा शब्द ध्यानात ठेवा. गल्लीतली शेकोटी यात सरळ बसते. स्वतःच्या अंगणातली बसवायला जास्त खटपट पडते, तिथे उपद्रवाचं कलम बरं.

भारतीय न्याय संहितेचं कलम २८० आसपासच्या लोकांच्या प्रकृतीला अपायकारक होईल अशी हवा बिघडवण्याबद्दल आहे. दंड फक्त १,००० रुपयांपर्यंत. धाक म्हणून ठीक. खरं हत्यार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) सशर्त आदेश काढून उपद्रव थांबवायला सांगू शकतात, समोरच्याला येऊन बाजू मांडायची संधी मिळते. हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३. त्यावरचा देशभर सांगितला जाणारा निकाल आपल्याच राज्यातला आहे: रतलाम नगरपालिकेने गटारं आणि घाण साफ करावी हा दंडाधिकाऱ्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये कायम ठेवला, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही असं बजावून. तुमचा अर्ज लिहिणाऱ्या वकिलाला तो माहीत असेलच.

घरगुती शेकोटीसाठी एसडीएमपर्यंत जायची वेळ क्वचितच यावी. रोजचा कारखाना, भट्टी किंवा गार्डन असेल तर मात्र आधीच्या अर्जांच्या शिक्क्यांसह हीच पायरी लवकर गाठा.

## ८. जाळणं थांबलं तरी राखेचं काय

राख हातांनी उचलू नका आणि कोरडी झाडू नका, ती उडून पुन्हा नाकातच जाते. पूर्ण थंड होऊ द्या. ढिगाच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवशीही धगधगत असतो, म्हणून प्लॅस्टिकच्या बादलीत कधीच भरायची नाही. पाण्याचा हबका मारा, रबरी हातमोजे घाला, फावड्याने जाड पिशवीत भरून तोंड बांधा आणि "राख, खिळे" असं लिहून कचऱ्याच्या गाडीवाल्याला वेगळी द्या.

ही राख तुळशीत, कुंड्यांत, भाजीच्या वाफ्यात टाकायची नाही. भांड्यांना लावायची नाही. नाल्यात ओतायची नाही. गोवऱ्या आणि बाभळीची राख बागेला चांगली असते, पण दोन्ही एकत्र झाली असेल तर सगळीच टाकून द्या. जिथे शेकोटी होती तिथली वरची दोन बोटं माती मुलं खेळत असतील तर खरवडून काढा, आणि त्याच पिशवीत भरा.